गरम झाल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात: बॅलन्स बारचं सेटिंग टिकत नसेल तर

तक्रार अशी आहे. सकाळी ब्रेक लावून पाहिले, गाडी सरळ रेषेत थांबली, बॅलन्स बारच्या (पुढच्या आणि मागच्या ब्रेकमध्ये पायाचा जोर वाटणारी दांडी) नॉबवर मार्करने खूण केली. पाच-सहा जोरदार ब्रेक झाल्यावर त्याच जागी, त्याच वेगाला मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडीचं बूड बाजूला सरकतं. नॉब दोन फेरे पुढच्या बाजूला दिला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आमच्याकडे हे चार रविवार चाललं. चौथ्या रविवारी नॉब फिरायचाच थांबला, कारण बार एका टोकाला जाऊन टेकला होता.

घाईत असाल तर उत्तर इथेच घ्या. पुढच्या कॅलिपरचं (डिस्कला पॅड दाबणारा भाग) ब्लीडिंग निपल, म्हणजे तेलातली हवा काढायचं तोंड, कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या जागी आहे का ते बघा. मग पेडल पूर्ण जोराने दाबून धरा आणि त्या वेळी बॅलन्स बार पेडलला काटकोनात राहतो का ते बघा. आमचं दोन्ही चुकलेलं होतं. बाकीचं ज्यांना वाचायचंय त्यांनी चहा घेऊन बसा.

गाडी कशी आहे

गाडी जळगावात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बनवली. मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पाइपची चासी, दोन सीट, आणि सीटच्या मागे मारुती झेनचं ९९३ सीसीचं इंजिन. झेन ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, त्यामुळे तिचं इंजिन, गिअरबॉक्स, हब, डिस्क, कॅलिपर असं सगळं उचलून मागे ठेवलं. पुढे लावायला भंगारातल्या दुसऱ्या झेनची पुढची चाकं-डिस्क घेतली. म्हणजे चारही चाकांना एकसारख्या डिस्क, एकसारखे कॅलिपर. ड्रम गेले, त्यांच्याबरोबर हँडब्रेकही गेला. त्याबद्दल शेवटी.

ही गाडी रस्त्यावर येत नाही. टेम्पोवर चढवून नेतो, बंद आवारात चालवतो, परत आणतो. आवार म्हणजे धरणगावकडचं ओळखीतल्या माणसाचं जिनिंगचं यार्ड. दिवाळीपासून तिथे कापसाचे डोंगर असतात, पण एप्रिल-मेमध्ये काँक्रीटचं रिकामं मैदान. सकाळी सहाला सुरू करायचं आणि साडेनऊला आवरायचं, कारण नंतर ४४ अंशात हेल्मेट घालून बसणं माणसाचं काम नाही. एक काळजी घ्या: जिनिंगच्या फरशीवर कापसाचे बारीक तंतू आणि सरकीचा चुरा असतो. आधी झाडू मारा. पहिल्या रविवारी आम्ही मारला नव्हता आणि तासभर कापसावर घसरलेल्या चाकांचा दोष ब्रेकला देत होतो.

आधी हिशोब, मग पाना

यार्डात वजनकाटा असल्याचा फायदा झाला. चालकासह पूर्ण गाडी काट्यावर घेतली: ६२० किलो. मग फक्त पुढची चाकं काट्यावर: २५०. म्हणजे मागे ३७०. चाकांच्या दोन अक्षांमधलं अंतर २३०० मिलिमीटर. गुरुत्वमध्याची उंची ४५० धरली. तो अंदाज आहे, पण जवळपासचा.

ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं. किती झुकतं ते काढणं सोपं आहे: एकूण वजन गुणिले मंदन, गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले अक्षांतर. कोरड्या काँक्रीटवर ०.९ जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट मंदन) धरलं तर ६२० × ०.९ × ४५० ÷ २३००, म्हणजे सुमारे ११० किलो. पुढे ३६० झाले, मागे २६०. टक्केवारीत ५८ आणि ४२. चारही टायर एकाच वेळी पूर्ण पकड वापरणार असतील तर ब्रेकचा जोरही याच प्रमाणात वाटला गेला पाहिजे. ओल्या जमिनीवर ०.५ जीच मिळाला तर साठच किलो पुढे सरकतात आणि वाटणी जवळपास निम्मी-निम्मी होते. म्हणून पावसात नॉब मागच्या बाजूला देतात. पण ते कोरड्यावरचं सेटिंग पक्कं झाल्यावर, आधी नाही.

आता पहिली चूक सांगतो, ती चार रविवारांच्याही आधीची. पेडल बॉक्स बाहेरून मागवला होता. त्यात दोन मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेकच्या तेलावर दाब आणणारे) होते, एक ५/८ इंची आणि एक ३/४ इंची. भाच्याने मोठा सिलिंडर पुढच्या ब्रेकला लावला. मोठा सिलिंडर, मोठी ताकद, असं त्याचं गणित. मीही मान डोलावली, नंतर लाज वाटली. दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ, तेव्हा तेवढ्याच जोराला लहान सिलिंडर जास्त दाब देतो. पेडलची तरफ ५ ला १ आहे. पायाने ४० किलो दिले तर बारवर २०० किलो येतात, बार मधोमध असेल तर प्रत्येक सिलिंडरला १००. ५/८ इंची सिलिंडरचं क्षेत्रफळ १.९८ चौरस सेंटिमीटर, म्हणून दाब दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोच्या आसपास. ३/४ इंचीचं २.८५, म्हणून ३५. कॅलिपर सारखेच असल्यामुळे वाटणी आपोआप ५९ आणि ४१ होते. आपल्याला हवी होती ५८ आणि ४२. लहान सिलिंडर पुढे लावला आणि बार मधोमध ठेवला की काम झालं, नॉबला हात लावायचीही गरज नाही.

हिशोबाने. थंड असताना तसंच झालंही.

नॉब फिरवत बसणं

बॅलन्स बार म्हणजे तराजूची दांडी समजा. मधलं गोल बेअरिंग हा तराजूचा काटा, दोन टोकांना दोन क्लेव्हिस (जोडाच्या कड्या) आणि त्यांच्यातून निघालेले, सिलिंडर दाबणारे दोन पुशरॉड. नॉब फिरवला की बेअरिंग डावी-उजवीकडे सरकतं, आणि ज्या क्लेव्हिसच्या जवळ जाईल त्या सिलिंडरला जास्त जोर मिळतो. आमच्या दोन क्लेव्हिसमध्ये ६० मिलिमीटर अंतर आहे. नॉबच्या एका फेऱ्यात बेअरिंग सुमारे एक मिलिमीटर सरकतं. तीन फेरे दिले की जोराची वाटणी ५० वरून ५५ टक्क्यांवर जाते. तीन फेऱ्यांत पाच टक्के हा बऱ्यापैकी मोठा बदल आहे. चार रविवारांत आम्ही नऊ फेरे दिले होते. हिशोबात इतकी चूक असूच शकत नाही, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं.

या काळात काय काय संशय घेतले ते सांगतो, कारण तुमच्याकडे यातलंच एखादं खरं निघेल.

नॉब हादऱ्याने आपोआप फिरतो का? बारच्या टोकाला रंगाची रेघ मारली. रेघ जागेवर राहिली, म्हणजे नाही.

पुढचे पॅड गरम होऊन पकड सोडतात का? हा संशय खरा वाटण्याजोगा आहे. पुढचे पॅड थकले की मागचे तुलनेने जोरकस ठरतात आणि मागची चाकं आधी लॉक होतात, लक्षण अगदी तेच. पण पॅड थकतात तेव्हा पेडल दगडासारखं कडक आणि वरच राहतं, फक्त गाडी थांबत नाही. आमचं पेडल गरम झाल्यावर खाली जात होतं, थोडंसं, अर्धा इंच. त्या अर्ध्या इंचाकडे आम्ही दुर्लक्ष केलं.

ब्रेक ऑइल उकळतंय का? डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० ला. डॉट ४ ची हीच जोडी २३० आणि १५५. आम्ही डॉट ४ नवीन भरलं होतं. कंपनीतली तापमानाची गन आणून पाहिलं तर डिस्क २८० पर्यंत जात होती, पण कॅलिपरचं अंग १२० च्या वर गेलं नाही. आणि उकळलं असतं तर पेडल अर्धा इंच नाही, थेट तळाला गेलं असतं.

चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ आहे का? तसं असेल तर डिस्क डुलते आणि पॅड मागे ढकलते, मग पहिल्या दाबाला पेडल खोल जातं आणि दुसऱ्याला वर येतं. चाक उचलून, वर-खाली धरून हलवलं. खेळ नव्हता.

धुळ्याच्या मिस्त्रींचा एक प्रश्न

मेव्हण्यांच्या कामाने धुळ्याला गेलो होतो. तिथे हायवेला ट्रकच्या ब्रेकचं काम करणारे एक जुने मिस्त्री आहेत. सेंधव्याहून बिजासन घाट उतरून शिरपूरकडे येणारे ट्रक त्यांच्याकडे तापलेले ड्रम घेऊन येतात. ट्रकचे ब्रेक हवेचे, आपले तेलाचे, तरी म्हटलं सांगून बघू. मी नॉब, बार, फेरे, टक्केवारी सगळं सांगितलं. त्यांनी मधेच थांबवलं.

"पहिला बिरेकले व्हस का दहावाले?"

म्हटलं, दहाव्याला. पहिल्याला कधीच नाही.

"मंग नॉब कशाले फिरावस, भो? नॉब तर दोन्ही टाइमले तोच शे."

परतीच्या एसटीत, अमळनेर येईपर्यंत, मी हाच विचार करत होतो. थंड आणि गरम यांच्यात जे बदलतं ते शोधायचं. नॉब बदलत नाही. अर्धा इंच बदलतो.

सापडलं कसं

पुढच्या रविवारी नॉब परत मधोमध आणला आणि दोन गोष्टी केल्या. पेडल बॉक्सखाली मोबाइल आणि छोटा दिवा बांधून व्हिडिओ घेतला. आणि दोन्ही मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी टी जोडून हायड्रॉलिक गेज लावले. टी लेथवर करून घेतले, तांब्याचे वायसर नवीन टाकले. गेज लावलेल्या अवस्थेत गाडी यार्डाच्या बाहेर काढायची नाही, आणि काम झालं की टी काढून पुन्हा हवा काढायची.

पायाचा जोर दरवेळी सारखा राहावा म्हणून पेडलवर पाटी ठेवून घरातला वजनकाटा लावला. बायकोने त्या काट्याबद्दल विचारलं, त्याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

थंड, ४० किलोला: पुढे ४८, मागे ३४. घर्षणाचं थोडं वजा जाता हिशोबाशी जुळतं.

साठवरून वीसपर्यंत दहा वेळा ब्रेक मारले. गरम, पुन्हा ४० किलोला: पुढे ३७, मागे ४२.

मामा, हे उलटं कसं झालं, असं भाचा म्हणाला. व्हिडिओत उत्तर होतं. थंड असताना पेडल दाबल्यावर बार तिरका होत होता, पण क्लेव्हिस आणि पेडलची नळी (जिच्यात मधलं बेअरिंग बसतं ती) यांच्यात केसभर फट उरत होती. गरम झाल्यावर पुढचा पुशरॉड आणखी आत जात होता, बार आणखी तिरका होत होता, आणि क्लेव्हिस नळीला टेकत होता.

तराजूची दांडी कशाला तरी अडकली की पारड्यात काय ठेवलंय याला अर्थ उरत नाही. बारचंही तसंच. मोकळा असेपर्यंत तो जोर वाटतो. अडकला की पेडल आणि बार मिळून एकच कडक तुकडा होतो, आणि मग दोन्ही पुशरॉड सारखंच अंतर पुढे जातात. सारखं अंतर ढकलल्यावर ज्या बाजूचं तेल कडक आहे तिथे दाब झपाट्याने चढतो, आणि ज्या बाजूला मऊपणा आहे तिथे चढत नाही. पुढची बाजू मऊ होती. म्हणून पुढचा दाब कमी, मागचा जास्त, आणि मागची चाकं लॉक. नॉब कितीही फिरवा, अडकलेल्या बारला त्याचं काही घेणं-देणं नाही. ही अडकण्याची सोय मुद्दाम ठेवलेली असते, हेही लक्षात घ्या. एका बाजूचा पाइप फुटला तर बार टेकतो आणि उरलेल्या बाजूचे ब्रेक लागतात. म्हणून फट हवी तेवढी वाढवून ठेवणं हा उपाय नाही.

राहिला प्रश्न पुढची बाजू मऊ का. मूळ झेनमध्ये पुढचा कॅलिपर जिथे बसतो तिथे आमची स्टिअरिंगची टाय-रॉड येत होती. म्हणून नवीन ब्रॅकेट करून कॅलिपर अक्षाच्या दुसऱ्या बाजूला नेला. अक्षाभोवती अर्धा फेरा फिरवल्यावर काय होतं? वरचं निपल खाली येतं. आम्ही पाच वेळा हवा काढली होती, आणि पाचही वेळा कॅलिपरच्या वरच्या कोपऱ्यातला बुडबुडा जागेवर बसून होता. हवा वर जाते, आम्ही खालून काढत होतो. तापल्यावर तो बुडबुडा फुगतो. ३५ अंशांवरून १२० वर गेला की पाव हिश्शाहून जास्त. उरलेली केसभर फट खायला तेवढं पुरलं.

दुरुस्ती

कायमचा उपाय फुकट निघाला: पुढचे दोन कॅलिपर डावे-उजवे आपसात बदलले. निपल वर आलं. होजच्या तोंडाची जागा बदलते, म्हणून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून होज ताणला जात नाही ना, टायरला घासत नाही ना, ते बघा. ज्यांना बदलता येत नाही त्यांनी हवा काढताना कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडावा, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीचा लाकडी गुटका घालावा, निपल वर करून हातात धरावा आणि मग हवा काढावी. गुटका विसरलात तर पिस्टन बाहेर येईल आणि तेल अंगावर. हे तेल रंग खातं, गाडीचाही आणि शेडच्या दाराचाही.

दोन स्वतंत्र मास्टर सिलिंडर असताना हवा काढायची पद्धतही वेगळी असते, हे आम्हाला उशिरा कळलं. एकच निपल उघडलं की त्या बाजूचा पुशरॉड पुढे पळतो, बार तिरका होऊन टेकतो आणि सिलिंडरला पूर्ण स्ट्रोक मिळत नाही. म्हणून पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन निपलं एकाच वेळी उघडायची. माणसं तीन लागतात. तिसरा माणूस शेवभाजीच्या बोलीवर मिळतो.

मग बार. दोन्ही पुशरॉडचे चेक नट सैल केले. एकाने पेडल जोरात दाबून धरलं, दुसऱ्याने गुण्या लावला. दाबलेल्या अवस्थेत बार पेडलला काटकोनात यायला हवा. पाय काढल्यावर तो थोडा तिरका दिसला तरी चालतं. आम्ही आधी नेमकं उलटं केलं होतं: गाडी उभी असताना दिसायला सरळ, दाबल्यावर तिरका. पुशरॉड लांब-आखूड करत ते जमवलं. क्लेव्हिस आणि नळी यांच्यात दोन्ही बाजू मिळून ४ मिलिमीटर फट ठेवली. चेक नट घट्ट करण्याआधी पाय काढून प्रत्येक पुशरॉडला मिलिमीटरभर मोकळीक आहे ना, तेही बघितलं. ती नसेल तर सिलिंडरमधलं परतीचं छिद्र झाकलेलं राहतं, तापलेल्या तेलाला टाकीत परत जाता येत नाही आणि ब्रेक स्वतःहून धरून बसतात. ते लक्षणही गरम झाल्यावरच दिसतं, म्हणजे आणखी एक गोंधळ.

काही जण विचारतील, एवढं करण्यापेक्षा मागच्या लाइनमध्ये प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाकला असता तर? एकच मास्टर सिलिंडर आणि मागे ड्रम असलेल्या गाडीला तो ठीक आहे. तो एका ठरावीक दाबानंतर मागचा दाब सावकाश चढू देतो, बस. बॅलन्स बारच्या जोडीला तो लावला की दोन नॉब होतात, आणि कोणत्या नॉबने काय बिघडलं ते कधीच कळत नाही. पुढच्या लाइनमध्ये तर कोणत्याही गाडीला लावू नका.

शेवटची चाचणी

नॉब मधोमधपासून तीन फेरे पुढच्या बाजूला देऊन सुरुवात केली. पुढची चाकं आधी लॉक झाली तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंग लागत नाही एवढंच. मागची आधी झाली तर गाडी फिरते. म्हणून सुरुवात नेहमी पुढून. टायरच्या बाजूवर खडूने जाड रेघ मारली, भाचा यार्डाच्या कडेला, पिलरच्या मागे उभा राहून मोबाइलवर चाकांचा व्हिडिओ घेत होता. ताशी ५० ला ब्रेक. रेघ फिरताना दिसते की थांबलेली, त्यावरून कोणतं चाक आधी लॉक झालं ते कळतं. अर्धा-अर्धा फेरा मागे आणत गेलो. मधोमधच्या अर्धा फेरा आधी मागचं डावं चाक किंचित आधी थांबलं. तिथून दीड फेरा पुन्हा पुढे दिला आणि खूण केली. एवढी राखीव जागा ठेवाच, कारण यार्डाची फरशी आणि ट्रॅकचं डांबर सारखं पकडत नाही, आणि टाकीतलं पेट्रोल संपत आलं की वजनाची वाटणीही सरकते.

मग दहा गरम ब्रेक आणि लगेच तीच चाचणी. पेडल जागेवर. पुढची चाकं आधी. पुन्हा दहा, पुन्हा तेच. दोन रविवार झाले, खूण हललेली नाही.

ऑइल पावसाळा संपल्यावर बदलणार आहे, कारण जून ते सप्टेंबर गाडी शेडमध्ये उभी असते आणि तेल तेवढ्यात पाणी ओढून घेतं. हँडब्रेकचं म्हणाल तर झेनच्या पुढच्या कॅलिपरला तशी सोयच नाही. केबलने चालणारा वेगळा छोटा कॅलिपर मागच्या डिस्कवर बसवायचा विचार आहे, पण ब्रॅकेटला जागा सापडत नाहीये. तोपर्यंत चाकाखाली बाभळीचा गुटका, आणि टेम्पोवर चढवली की दोन बाजूंनी दोर. कोणी हे काम केलं असेल तर ब्रॅकेटचा फोटो टाका.